तलाव कुणाच्या चार्जवर?

रायपूरला पोस्टिंगवर येऊन तीन-चार महिने झाले होते. मे महिना होता. युनिटच्या जवळच, वस्तीला लागून एक जुना तलाव आहे. त्याच्यावर जलपर्णी इतकी दाट माजली होती की कुत्रं चालत पलीकडे जाईल असं वाटावं. एका रविवारी मी साठ जवान घेऊन तिथे गेलो. गमबूट, फावडी, दोर, दोन ट्रक अशी सगळी तयारी होती. सहा तासांत अर्धा तलाव मोकळा झाला आणि पुढच्या रविवारी उरलेला अर्धा. फोटो निघाले. स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली. मी घरी फोन करून बायकोला सांगितलं आणि आईलाही सांगितलं. मनातून खूश होतो, हे कबूल करतो.

दसऱ्याला तलाव पुन्हा हिरवागार होता.

पहिल्या रविवारी आमचं काम बघायला एक निवृत्त सुभेदार साहेब आले होते. मूळचे धमतरीकडचे, सत्तरी ओलांडलेले. पारावर बसून त्यांनी आमच्याबरोबर चहा घेतला आणि मला एकच प्रश्न विचारला होता. “ये तरिया काकर आय, साहब?” हा तलाव कुणाचा आहे? मी म्हणालो, “नगर निगमचा असेल.” ते काही बोलले नाहीत. दसऱ्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि मग त्यांच्या लहानपणीच्या गावातल्या तलावाबद्दल तासभर सांगत राहिले. जेठ महिन्यात पाणी आटलं की घरटी एक माणूस गाळ काढायला कसा उतरायचा, तो गाळ बैलगाडीने स्वतःच्याच शेतात कसा जायचा, कुठल्या पचरीवर कोण अंघोळ करायचं, गुरांना कुठून उतरवायचं, मासे कधी धरायचे. पायऱ्यांच्या घाटाला इकडे पचरी म्हणतात.

आमच्या फौजेत कुठलीही वस्तू बेवारशी नसते. फावडं असो की तोफ, ती कुणाच्या तरी चार्जवर असते. रजिस्टरमध्ये नोंद असते, घेणाऱ्याची सही असते, बदली झाली की ‘हँडिंग-टेकिंग’ होतं. वीस वर्षांहून जास्त नोकरी या शिस्तीत केलेल्या माणसाला तलाव कुणाच्या चार्जवर आहे हे विचारायचं सुचलं नाही, याची मला लाज वाटली. मग फुरसतीच्या वेळी या शहराचा आणि त्याच्या तलावांचा इतिहास वाचायला घेतला. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे. यातलं बरंच काही आपल्या, म्हणजे मराठी माणसांच्या, इतिहासाशी जोडलेलं आहे.

आधी हे तलाव इथे का आहेत ते पाहू. छत्तीसगडच्या मैदानात बाराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आकडा चांगला आहे, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पीक भाताचं. भात निसवायच्या वेळी, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरला, नेमका पाऊस पाठ फिरवतो, आणि तेव्हाचं एक पाणी चुकलं तर वर्ष जातं. जमिनीखाली चुनखडक आहे (त्यावरच आज इथले सिमेंट कारखाने चालतात). तेव्हा पावसाचं पाणी उतारावर माती घालून अडवायचं आणि ऑक्टोबरपर्यंत राखून ठेवायचं, हा इथल्या माणसांनी शोधलेला उपाय. उन्हाळ्यात तेच पाणी माणसांना आणि गुरांना पुरायचं.

ही रीत जुनी आहे. रतनपूरचा कलचुरी राजा जाजल्लदेव याचा १११४ सालचा शिलालेख आहे. त्यात त्याने वसवलेल्या नगराबरोबर मठ, आमराई आणि तलाव यांचा उल्लेख येतो. राजाच्या पुण्याच्या हिशेबात तलाव मोजला जात होता. तलावांच्या संख्येसाठी इथे एक म्हण आहे: ‘छै आगर छै कोरी’. कोरी म्हणजे वीस, आपल्याकडची कोडी. सहा कोड्या आणि वर सहा, म्हणजे एकशे सव्वीस. जुन्या गावांचं मोठेपण सांगताना ही संख्या सांगतात. नव्या तलावाचं लग्न लावायचीही प्रथा होती. मधोमध लाकडी खांब रोवायचा, गावजेवण घालायचं. त्या दिवसापासून तलाव घरच्या नात्यातला होई.

रायपूर असंच तलावांचं शहर होतं. बूढा तालाब, महाराजबंध, तेलीबांधा, कंकाली, राजातालाब, कटोरा तालाब. यातले काही आजही आहेत, काही नावापुरते उरलेत. ‘रजबंधा मैदान’ म्हणून आज जी जागा ओळखली जाते तिथे एकेकाळी रजबंधा नावाचा तलाव होता. तेलीबांध्याला आता लोक मरीन ड्राइव्ह म्हणतात. बूढा तालाबाचं नाव विवेकानंद सरोवर झालं, कारण १८७७ च्या सुमारास किशोरवयीन नरेंद्र वडिलांबरोबर इथे येऊन याच परिसरात राहिला होता. त्यांचा मोठा पुतळा तलावाच्या मध्यावर आहे. कंकाली तलावाजवळचा मठ वर्षातून एकदाच, दसऱ्याला उघडतो आणि नागा साधूंची जुनी शस्त्रं दर्शनाला ठेवतात. फौजी माणसाला हे पाहून बरं वाटतं. शस्त्राला वर्षातून एक दिवस नेमून दिला आहे, आणि तो दिवस सांभाळणारेही नेमलेले आहेत.

आता आपल्या लोकांकडे येतो. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचा सेनानी भास्करपंत बंगालच्या मोहिमेवर निघाला तो याच वाटेने, आणि रतनपूरचं राज्य भोसल्यांच्या हाताखाली आलं. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहत होते. रतनपूरच्या टेकडीवर त्यांनी रामाचं मंदिर बांधलं. त्या टेकडीला रामटेकरी म्हणतात. नागपूरहून आलेल्या माणसाला रामटेकची आठवण येणारच. बिंबाजींबद्दल इकडे आजही आदराने बोलतात. त्यांच्यानंतर मात्र नागपूरहून सुभेदार नेमले जाऊ लागले. सुभेदार येणार, ठरलेला वसूल पाठवणार आणि जाणार. त्याला इथे म्हातारं व्हायचं नव्हतं. मोठी सैन्यं ज्या तलावांच्या काठी मुक्काम करत, त्यांची पाळ नीट ठेवायचं काम मात्र गावच करत राहिलं. १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी ॲग्न्यू याने कारभाराचं ठाणं रतनपूरहून रायपूरला आणलं आणि १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झाल्यावर छत्तीसगड थेट कंपनीच्या राज्यात गेलं.

या सगळ्या उलथापालथीत गाव चालवणारा माणूस होता गौंटिया. तो गावाचा मालक नव्हता. वसूल गोळा करणारा आणि गावाची घडी बसवणारा प्रमुख होता. काही गावांत ‘लाखाबाटा’ नावाची पद्धत होती. ठरावीक वर्षांनी शेतांची फेरवाटणी व्हायची, म्हणजे चांगली जमीन एकाच्याच आणि भाठ्याची, मुरमाड जमीन दुसऱ्याच्याच वाट्याला कायम राहू नये. मी हे वाचलं तेव्हा दोनदा वाचलं.

१८६० च्या दशकातल्या इंग्रजी बंदोबस्ताने या गौंटियाला मालगुजार करून गावाच्या मालकीचा कागद दिला. तरीही एक गोष्ट शिल्लक राहिली. प्रत्येक गावाच्या ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या कागदात चालीरीती नोंदल्या जात. जंगलातून जळण कुणी घ्यायचं, गुरं कुठे चरायची, तलावाचं पाणी कुणाला. या रोजच्या गरजांच्या हक्काला नाव आहे निस्तार. छत्तीसगडमध्ये आजही गावच्या वापराच्या तलावाला ‘निस्तारी तालाब’ म्हणतात. आपल्या मराठीत याच घराण्यातला शब्द आहे ‘निस्तरणे’. आपण केलेला पसारा आपणच निस्तरायचा असतो. छत्तीसगडीत त्याचा अर्थ वापर, मराठीत जबाबदारी. सुभेदार साहेबांच्या गावात या दोन्ही गोष्टी एकाच माणसाकडे होत्या. जो पाणी वापरत होता तोच जेठात गाळ काढत होता.

मग ही जोडी तुटली कधी? एका दिवसात तुटली नाही. मला तिचे तीन टप्पे दिसतात.

पहिला टप्पा शहरातला. १८९२ साली रायपूरला नळाचं पाणी आलं. राजनांदगावचे राजा बलरामदास यांच्या नावाने ओळखली जाणारी ही योजना खारून नदीचं पाणी शहरात आणत होती. चांगलंच काम होतं ते. शहरांत पटकीची भीती होती आणि स्वच्छ पाण्याने जीव वाचतात. पण त्या दिवसापासून तलाव पिण्याच्या पाण्यातून सुटला. ज्या पाण्याचा घोट आपण घेत नाही, त्यात काय पडतं याच्याकडे हळूहळू लक्ष जात नाही. पुढे घरांची दारं रस्त्याकडे आली आणि मोऱ्या तलावाकडे.

दुसरा टप्पा १९२० चा. धमतरीजवळ कंडेल नावाचं गाव आहे. महानदीच्या कालव्याचं पाणी तिथवर आलं होतं आणि पाटबंधारे खात्याला गावाशी दहा वर्षांचा करार हवा होता. गावकऱ्यांनी हिशेब केला. कराराची रक्कम इतकी मोठी होती की तेवढ्यात गावाचा स्वतःचा तलाव झाला असता. त्यांनी नकार दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गावाने कालवा फोडून पाणी चोरलं असा आरोप ठेवून सुमारे चार हजार रुपये दंड बसवला गेला. ऑगस्टमध्ये! पाऊस पडत असताना! दंड कुणी भरेना तेव्हा गुरं जप्त करून बाजारात लिलावाला नेली. एकाही बाजारात कुणी बोली लावली नाही. या सत्याग्रहाचे पुढारी होते पंडित सुंदरलाल शर्मा, बाबू छोटेलाल श्रीवास्तव आणि नारायणराव मेघावाले. हे मेघावाले आपले मराठी. शेवटी सरकारला माघार घ्यावी लागली. गांधीजींच्या पहिल्या छत्तीसगड भेटीची आठवण इथले लोक याच सत्याग्रहाशी जोडून सांगतात.

मी कंडेलला जाऊन आलो. सत्याग्रह जिंकला, पण त्यातून पुढे आलेली एक गोष्ट मागे गेली नाही. पाणी ही सरकारने द्यायची आणि गावाने विकत घ्यायची वस्तू झाली, आणि पाणी घेणारा माणूस चोर ठरू शकतो हेही लोकांनी पाहिलं.

तिसरा टप्पा स्वतंत्र भारतातला आहे. त्या वेळी नागपूर, भंडारा, चांदा, रायपूर, बिलासपूर हे सगळं एकाच राज्यात होतं आणि १९५६ पर्यंत राजधानी नागपूर होती. तिथल्या विधानसभेने केलेल्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि १९५१ पासून मालगुजारांच्या ताब्यातले तलाव सरकारकडे आले. म्हणजे रायपूरकडच्या गावांतले आणि आपल्या भंडारा-गोंदियाकडचे तलाव एकाच सहीने सरकारचे झाले. झाडीपट्टीतल्या लोकांना हे सांगायला नको. तिथे त्यांना आजही ‘मामा तलाव’ म्हणतात: माजी मालगुजारी तलाव. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. ते बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा हात. जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन, अशी चांद्याच्या गोंड राजाची रीत होती असं सांगतात. नवेगावबांधचा प्रचंड तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून त्याच तलावाच्या काठी राहिले आणि आपल्याला तिथल्या पक्ष्यांची ओळख झाली, हे बहुतेक वाचकांना ठाऊक असेल.

मालगुजारी जायलाच हवी होती. यात मला तसूभरही शंका नाही. जुन्या काळाची गोडी लावणारं लिहिणं सोपं असतं, म्हणून मुद्दाम लिहितो. त्या पाळींवरची बरीच माती बेगारीने पडलेली आहे. सुभेदार साहेबांनी मला सगळ्या पचऱ्या सांगितल्या तेव्हा कुठल्या जातीची पचरी कुठे, हेही सांगितलं, आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यातली कुणाची हे सांगताना त्यांचा आवाज बदलला. आपल्याकडे तर २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह महाडच्या चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यावं लागलं. गुरं जिथे पाणी पीत तिथे माणसांना बंदी होती. तेव्हा निसर्गाशी नातं, पाण्याविषयी श्रद्धा वगैरे शब्द वापरताना मी सावध असतो. तळ्याची पूजा करणारा गाव तळ्याकाठच्या माणसाशी कसा वागतो, हे आधी बघावं लागतं.

पण १९५१ मध्ये मालगुजाराबरोबर आणखी काहीतरी गेलं. हक्क कागदावर राहिला. निस्तार पत्रकाची तरतूद मध्य प्रदेशच्या १९५९ च्या महसूल संहितेत आहे आणि महाराष्ट्राच्या १९६६ च्या संहितेतही आहे. गाळ काढायचं कर्तव्य मात्र कुणाच्याच नावावर चढलं नाही. गाव म्हणालं, तलाव सरकारचा. सरकारकडे हजारो तलाव आणि मोजके कर्मचारी. फौजी भाषेत सांगायचं तर हँडिंग झालं, टेकिंग झालंच नाही.

१९६८ मध्ये गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने एक प्रसिद्ध लेख लिहिला. सर्वांच्या मालकीचं कुरण शेवटी उजाड होणारच, कारण प्रत्येक जण आपलं एक जनावर वाढवत राहतो, असं त्याचं म्हणणं. उपाय दोनच: खासगी मालकी किंवा सरकारी दंडुका. आपल्या तलावांनी दोन्ही उपाय भोगले. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी मात्र जगभरचे कालवे, कुरणं, जंगलं आणि मासेमारीचे किनारे तपासले आणि १९९० च्या पुस्तकात दाखवलं की माणसं शेकडो वर्षं सामायिक गोष्टी नीट सांभाळत आली आहेत. अट एवढीच की कोण किती घेणार, कोण काय देणार आणि चुकणाऱ्याला कोण विचारणार हे वापरणाऱ्यांनीच ठरवलेलं असावं. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. कंडेलच्या शेतकऱ्यांना या पुस्तकात नवीन काही वाटलं नसतं.

२०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात पंजाबातल्या एका गावतळ्यावरचं अतिक्रमण बेकायदा ठरवलं आणि गावाच्या सामायिक जमिनींवरची अशी अतिक्रमणं हटवण्यासाठी योजना आखण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. न्यायालय अतिक्रमण हटवू शकतं. जेठ महिन्यात फावडं घेऊन उतरणारा माणूस ते कुठून आणणार?

आमच्याच फौजेत याचं एक चांगलं उदाहरण आहे. १९८२ मध्ये प्रादेशिक सेनेची पहिली पर्यावरण बटालियन, १२७ वी, डेहराडूनला उभी राहिली. चुनखडीच्या खाणींनी मसुरीचे डोंगर उघडे पडले होते, तिथे या जवानांनी झाडं जगवली. आपल्या मराठवाड्यातही १३६ वी पर्यावरण बटालियन, महार रेजिमेंटची, हेच काम करते. या बटालियनमधले जवान बहुतेक त्याच भागातले माजी सैनिक असतात. ते एका रविवारी येऊन निघून जात नाहीत. त्यांनी लावलेल्या झाडाखाली त्यांचीच नातवंडं खेळणार असतात. माझ्या साठ जवानांत रायपूरचा एकही नव्हता. शीख होते, कुमाऊंचे होते, सांगली-साताऱ्याचे होते. त्यांनी जीव तोडून काम केलं आणि सोमवारी परेडला गेले.

यंदाच्या मे महिन्यात मी ट्रक नेले नाहीत. सुभेदार साहेबांना बरोबर घेतलं आणि चार रविवार नुसता पारावर बसलो. तेव्हा कळलं की तलावावर पाच प्रकारचे लोक अवलंबून आहेत: मासेमारीचा ठेका घेतलेले, कपडे धुणारे, म्हशीवाले, छठ आणि विसर्जनाला येणारे, आणि ज्यांच्या मोऱ्या तलावात उतरतात ते. पाचवे सोडून बाकीचे सगळे बैठकीला आले. पाचवे तिसऱ्या बैठकीला आले, तेही भांडायला. भांडले हे चांगलं झालं. कुणाची मोरी आहे हे वर्षभर कुणीच कबूल करत नव्हतं, ते भांडणात कबूल झालं. एका कागदावर दोन रकाने केले: कोण काय घेतं आणि कोण काय देणार. पहिला रकाना अर्ध्या तासात भरला. दुसरा अजून पूर्ण भरलेला नाही. जूनपूर्वी जलपर्णीचा एक कोपरा लोकांनीच काढला. आमचे जवान त्यांच्यात होते, पण फावड्यांवर आमचा नंबर नव्हता. तलाव स्वच्छ झाला असं मी म्हणणार नाही. दोन मोऱ्या अजून तशाच आहेत.

खडकवासल्याला कॅडेट असताना आम्ही तिथल्या तलावात सेलिंग शिकलो. इतकं पाणी, इतकी शिस्त, पहाटेचं धुकं. तीन वर्षांत एकदाही मनात आलं नाही की हे पाणी कुणी अडवलं, कुणाच्या शेतावर ते उभं आहे. पाणी म्हणजे आपल्यासाठी कुणीतरी तयार ठेवलेली गोष्ट, असंच वाटायचं. चाळिशी उलटल्यावर एका निवृत्त सुभेदाराने तो प्रश्न शिकवला.

पुढच्या वर्षी माझी बदली होईल. हँडिंग-ओव्हर नोट्समध्ये शस्त्रं, वाहनं, इमारती, हिशेब सगळं नेहमीसारखं असेल. या वेळी शेवटी एक पान जास्तीचं जोडणार आहे. त्यावर तो दोन रकान्यांचा कागद आणि त्याखाली एक ओळ असेल: तलाव आपल्या चार्जवर नाही, ज्यांच्या चार्जवर आहे ती माणसं रविवारी सकाळी पारावर भेटतात, जाताना ट्रक नेऊ नये.

जय हिंद.